फाइल परक्या मशीनवर लावून पाहिलीत का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुढच्या आठवड्यात एका परिषदेत पहिल्यांदाच बोलायचं आहे, वेळ बारा मिनिटं. पॉवरपॉइंटमध्ये बावीस स्लाइड्स केल्या आहेत. त्यात रुग्णांच्या चालण्याचे फोनवर घेतलेले दोन व्हिडिओ, काही फोटो, एक एक्सेलचा आलेख आणि दोन स्लाइड्सवर मराठी मजकूर आहे. फाइल आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर आणून द्या, असं आयोजकांनी कळवलंय. माझ्या लॅपटॉपवर तीनदा चालवून पाहिली, सगळं नीट चालतं. आणखी काय तपासू? की माझाच लॅपटॉप लावू द्या, असा आग्रह धरू?"

मी गेली चौदा वर्षं परिषदांमध्ये प्रिव्ह्यू रूम सांभाळते. वक्ते फाइल घेऊन येतात, सभागृहात असतं तसंच मशीन आमच्याकडे असतं, त्यावर आम्ही ती त्यांच्यासोबत पहिल्या स्लाइडपासून शेवटच्या स्लाइडपर्यंत पाहतो आणि मग हॉलकडे पाठवतो. "माझ्या लॅपटॉपवर चालते" हे वाक्य मी रोज ऐकते आणि ते खरंच असतं. पण तिथं तीनदा काय, तीसदा चालवलीत तरी जे बिघडणार आहे ते दिसणार नाही. तुमची फाइल तुमच्या लॅपटॉपकडून न विचारता बऱ्याच गोष्टी उसन्या घेत असते. फॉन्ट त्याचे, व्हिडिओ उघडायची सोय त्याची, एखादं चित्र कुठल्याशा फोल्डरमधलं, इंटरनेट तुमच्या घरचं. हे उसनं परत घेतलं की फाइलमध्ये स्वतःचं काय उरतं, एवढंच तपासायचं आहे.

त्यामुळे पहिलं काम सांगते, बाकी सगळं त्यानंतर. फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर न्या. तिथं कधीही तुमचं काम झालेलं नसावं. तिथलं इंटरनेट बंद करा, फाइल डेस्कटॉपवर कॉपी करा, पेन ड्राइव्ह काढून टाका आणि मग पूर्ण स्लाइड शो चालवा. प्रत्येक क्लिक करा, प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. दुसरं मशीन मिळतच नसेल तर निदान ज्या फोल्डरमध्ये तुम्ही काम केलंत त्याचं नाव बदला आणि वाय-फाय बंद करून फाइलची प्रत दुसऱ्या जागेवरून उघडा. फॉन्टची परीक्षा यातून होत नाही, पण तुटणारे दुवे लगेच तुटतात. क्लाउडवर फाइल ठेवणाऱ्यांनी अजून एक बघावं. फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर फाइल मशीनवर नाहीच, फक्त तिची पाटी आहे. विमानात किंवा हॉलमध्ये इंटरनेट नसताना ती उघडणार नाही.

आता तुमच्या व्हिडिओंकडे येते, कारण धोका सगळ्यात जास्त तिथं आहे.

फोनवर घेतलेला व्हिडिओ दिसायला साधा असतो, पण तो कुठल्या पद्धतीनं साठवलाय ते बाहेरून कळत नाही. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी पद्धत वापरतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही ती निवडता येते. विंडोजच्या अनेक मशीनवर ही पद्धत वाचायचा भाग वेगळा बसवावा लागतो. तो तुमच्याकडे बसलेला असेल आणि हॉलमध्ये नसेल तर तिथं काळी चौकट दिसेल, किंवा आवाज येईल आणि चित्र येणार नाही. पॉवरपॉइंटसाठी सगळ्यात भरवशाचं रूप म्हणजे एमपी४ फाइल, आत चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी. हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रामनं हे रूपांतर काही मिनिटांत होतं. नुसतं फाइलच्या नावाचं शेपूट बदलून 'एमपी४' केलं तर आतलं काहीच बदलत नाही. असं करून आलेले वक्ते मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट, व्हिडिओ फाइलच्या आत आहे की बाहेर? पॉवरपॉइंट २०१० पासून व्हिडिओ साधारणपणे फाइलच्या आतच बसतो. पण टाकताना 'लिंक' पर्याय निवडला गेला असेल, किंवा स्लाइड फार जुन्या फाइलमधून आली असेल, तर तो बाहेरच राहतो. इथं एक फसवी गोष्ट आहे. व्हिडिओ बाहेर राहिला तरी त्याचं स्थिर चित्र स्लाइडवर दिसतंच. हृदयाच्या सोनोग्राफीच्या सहा क्लिप्स घेऊन आलेले एक वक्ते मला अजून आठवतात. स्लाइड्स भराभर पुढं नेत "सगळं आलंय" म्हणाले आणि निघाले. मी थांबवून पहिली क्लिप चालवली. सहाही क्लिप्स त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर राहिल्या होत्या. त्यांचं भाषण दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून रात्रीतून मागवता आल्या. तुम्ही स्वतः तपासायचं असेल तर 'फाइल'मधल्या 'इन्फो' पानावर बघा. बाहेर जोडलेलं काही असेल तर तिथं दिसतं. फाइलचा आकारही खूण देतो. दोन व्हिडिओ असलेली फाइल तीन-चार एमबीचीच असेल तर शंका घ्या.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. व्हिडिओ निवडून 'प्लेबॅक'मध्ये तो कधी सुरू व्हायचा ते पाहा. 'व्हेन क्लिक्ड ऑन' असेल तर माउसचा बाण नेमका व्हिडिओवर नेऊन क्लिक करावं लागतं. घरी तुम्ही लॅपटॉपसमोर बसलेल्या असता, म्हणून ते सहज होतं. व्यासपीठावर तुमच्या हातात फक्त क्लिकर असतो. तुम्ही तो दाबता, व्हिडिओ सुरू न होता पुढची स्लाइड येते, तुम्ही मागं येता, पुन्हा दाबता, पुन्हा तेच. म्हणून 'ऑटोमॅटिकली' ठेवा. तुमचे व्हिडिओ चालण्याचे आहेत, म्हणजे दहा-पंधरा सेकंदांचे असतील. त्यांना 'लूप' लावा. तुम्ही टाच, गुडघा, खांदा यांबद्दल बोलत असताना रुग्ण पडद्यावर चालत राहील आणि "पुन्हा एकदा दाखवते" म्हणावं लागणार नाही.

यानंतरचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण माझ्या मते तुमच्या बाबतीत तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. फाइल पेन ड्राइव्हवरून दिलीत की ती तुमच्या हातातून गेली. ती किमान दोन मशीनवर राहते, कधीकधी आयोजक सगळ्या फाइली सदस्यांना वाटतात. तिच्यात रुग्णांचं काय काय दडलंय ते तुम्हाला माहीत हवं. फोटोतला चेहरा पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केला असेल तर तो फक्त झाकला जातो, पूर्ण फोटो आत तसाच असतो. कुणीही क्रॉप मागं ओढून चेहरा पाहू शकतो. त्यासाठी 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन क्रॉप केलेला भाग काढून टाकायचा पर्याय आहे. 'फक्त या चित्राला' ही खूण काढा म्हणजे सगळ्या फोटोंना लागू होईल. डोळ्यांवर ठेवलेली काळी पट्टी तर नुसती बाजूला सरकवता येते. ती पट्टी फोटोतच भाजून घ्या, म्हणजे फोटो आणि पट्टी एकत्र निवडून 'सेव्ह ॲज पिक्चर' करा आणि ते नवं चित्र जुन्याच्या जागी ठेवा. व्हिडिओचंही तसंच आहे. पॉवरपॉइंटमधला 'ट्रिम' सुरुवात आणि शेवट लपवतो, कापत नाही. तिथला 'म्यूट' आवाज बंद करतो, पुसत नाही. चालण्याच्या व्हिडिओत मागून कुणीतरी रुग्णाला नावानं हाक मारलेली असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून कापणं, आवाज काढणं, चेहरा पुसट करणं हे सगळं व्हिडिओवर आधी करा आणि मग तो स्लाइडमध्ये घ्या.

एक्सेलच्या आलेखाकडे तर फार कुणाचं लक्षच जात नाही. एक्सेलमधून आलेख कॉपी करून चिकटवताना 'एम्बेड' पर्याय निवडला तर आलेखामागची अख्खी वर्कबुक फाइलमध्ये येते, सगळ्या पानांसकट. रुग्णांची नावं, वय, फोन नंबर ज्या पानावर आहेत तेही पान येतं. आलेखावर उजवं क्लिक करून 'एडिट डेटा' म्हटलं की ते सगळं समोर उघडतं. आणि 'लिंक' निवडलं असेल तर आलेख तुमच्या मशीनवरच्या फाइलकडे बघत बसतो. पद्धत साधी आहे. आलेख अंतिम झाला की त्याचं चित्र करून चिकटवा. चित्राच्या मागं कुणाला काही सापडत नाही आणि परक्या मशीनवर अक्षांवरचे आकडेही हलत नाहीत. मूळ आलेख असलेली फाइल स्वतःजवळ ठेवा. देण्याच्या प्रतीवर शेवटी 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. लपवलेल्या स्लाइड्स, टिपणं, शेरे एकदा नजरेखालून जातील. टिपणं सरसकट उडवू नका, व्यासपीठावर तुम्हाला ती लागू शकतात. फक्त त्यांत कुणाचं नाव नाही ना, ते बघा.

फॉन्टबद्दल. इंग्रजी मजकूर एरियल किंवा कॅलिब्रीत असेल तर काळजीचं कारण नाही. मराठी मजकुराचं वेगळं आहे. तुम्ही विंडोजवर देवनागरी कीबोर्ड घेतलात की मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट त्याच्याबरोबर येतात आणि ते सगळीकडेच असतात असं आपल्याला वाटतं. विंडोज १० पासून ते आपोआप बसत नाहीत. पुरवणी संच म्हणून वेगळे येतात. निर्मला यूआय मात्र विंडोज ८ पासून मुळातच असतो. मंगल नसलेल्या मशीनवर मजकूर दिसेल, पण दुसऱ्या फॉन्टमध्ये. ओळी वेगळ्या जागी तुटतील आणि शेवटची ओळ चौकटीबाहेर जाईल. मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर मात्र तो वाचताच येणार नाही. त्या फॉन्टमध्ये आत खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट गेला की तीच उघडी पडतात. 'होम'मधल्या 'रिप्लेस फॉन्ट्स'मध्ये गेलात की फाइलमध्ये कोणकोणते फॉन्ट आहेत त्याची यादी दिसते. त्यात अनोळखी नाव दिसलं तर बदलून टाका. शिवाय 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथं फॉन्ट फाइलमध्येच बसवायची सोय आहे. ती लावा, पण काही फॉन्ट परवान्यामुळे बसत नाहीत, म्हणून तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. दोनच मराठी स्लाइड्स असतील तर मी निर्मला यूआय वापरून मोकळी होईन.

फॉन्ट हा केवळ दिसण्याचा प्रश्न असतो असं समजू नका. औषधांच्या मात्रांवरच्या एका भाषणात मायक्रोग्रॅमचं चिन्ह 'सिंबल' फॉन्टनं काढलं होतं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी एम दाबला की 'म्यू' दिसतो. आमच्या मशीनवर फाइल उघडताना तो मजकूर साध्या फॉन्टमध्ये आला आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झाले. हजारपट फरक, आणि स्लाइड दिसायला अगदी व्यवस्थित. ते वक्त्यांनीच पकडलं, कारण त्या प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होत्या. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, परक्या मशीनवर स्लाइड नुसती बघू नका, एककं आणि चिन्हं वाचा.

पडद्याचा आकार हॉलवर अवलंबून असतो, इथं मी ठाम उत्तर देऊ शकत नाही. पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी फाइल १६:९ मध्ये उघडते, पण विभागातल्या जुन्या टेम्प्लेटवरून सुरुवात केली असेल तर ती ४:३ असू शकते. १६:९ ची स्लाइड ४:३ च्या पडद्यावर गेली तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि पडद्याची फक्त तीन चतुर्थांश उंची वापरली जाते. म्हणजे तुमचं अक्षर तेवढंच लहान दिसतं. आयोजकांना आजच मेल करा आणि तीन गोष्टी विचारा: पडदा १६:९ आहे की ४:३, हॉलमधलं मशीन विंडोज आहे की मॅक आणि पॉवरपॉइंट कुठलं, आणि वक्त्यासमोरच्या स्क्रीनवर टिपणं दिसतील की फक्त स्लाइड. तिसऱ्याचं उत्तर 'फक्त स्लाइड' असं बऱ्याचदा येतं. टिपणांवर विसंबून असाल तर ती कागदावर आणा. आकार बदलायची वेळ आलीच तर तो घरी बदला आणि नंतर बावीसच्या बावीस स्लाइड्स पुन्हा बघा, कारण चौकटी आणि बाण आपापल्या जागा सोडतात.

फोटोंमुळे फाइल जड झाली असेल तर ते चटकन सुटतं. १६:९ ची स्लाइड १३.३३ इंच रुंद असते. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये १५० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) निवडलंत तर स्लाइडभर फोटोला साधारण २००० पिक्सेल मिळतात, आणि बहुतेक हॉलचे प्रोजेक्टर १९२० किंवा त्याहून कमी पिक्सेलचे असतात. त्याहून जास्त ठेवून उपयोग नाही. अपवाद एकच. बोलताना तुम्ही एखाद्या फोटोत झूम करून दाखवणार असाल तर तेवढा कॉम्प्रेस करू नका.

स्लाइड्स आपोआप पुढं जाणं हे मी दर परिषदेत निदान एकदा पाहते. तुम्ही घरी वेळ लावून सराव करता, 'रिहर्स टायमिंग्ज' वापरता आणि शेवटी 'वेळा जतन करू का' याला हो म्हणता. मग हॉलमध्ये तुम्ही प्रश्नाला उत्तर देत असताना स्लाइड स्वतःहून सरकते. 'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'मॅन्युअली' निवडा, म्हणजे जतन केलेल्या वेळा लागू होणार नाहीत.

आता स्वतःच्या लॅपटॉपचा आग्रह. तुमच्या फाइलसाठी धरू नका. एका सत्रात पाच-सहा वक्ते असतात. मध्येच लॅपटॉप बदलायचा म्हणजे केबल काढा, लावा, पडदा ओळखला जाईपर्यंत थांबा, यात दोन-तीन मिनिटं जातात आणि ती तुमच्या बारातून जातात. आग्रह योग्य ठरतो तो एखादा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून दाखवायचा असेल किंवा फाइल ॲपलच्या कीनोट प्रोग्राममध्ये असेल आणि हॉलमध्ये मॅक नसेल तेव्हा. तसं असेल तर आयोजकांची परवानगी आधीच घ्या, चार्जर आणि स्वतःचा ॲडॅप्टर आणा आणि तो जोडून एकदा पाहा. प्रत्येक यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर येतंच असं नाही. व्हीजीए केबलमधून आवाज येत नाही. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबली की पडदे जोडायचे पर्याय समोर येतात, एवढं लक्षात असू द्या.

पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी ठेवा. मुख्य फाइल, दोन्ही व्हिडिओ वेगळे, आणि पूर्ण सादरीकरणाची पीडीएफ. पीडीएफमध्ये व्हिडिओ चालणार नाही आणि एकावर एक येणारी चित्रं सगळी एकदम दिसतील, म्हणून ती करताना अशा स्लाइडचे दोन-तीन टप्पे वेगळ्या स्लाइड्स करून टाका. हेच सगळं स्वतःला मेलही करून ठेवा. फाइलच्या नावात तुमचं आडनाव आणि सत्राचा क्रमांक हवा. आमच्या डेस्कवर एका दिवसात 'फायनल' नावाच्या डझनभर फाइली येतात.

प्रिव्ह्यू रूममध्ये आलात की फाइल तिथल्या मशीनवर कॉपी होईपर्यंत थांबा आणि कॉपी झालेलीच उघडून घ्या, पेन ड्राइव्हवरची नको. वर पिवळी पट्टी दिसली तर 'एनेबल एडिटिंग' करून पुढं जा. दोन्ही व्हिडिओ, मराठीच्या दोन स्लाइड्स, आलेख आणि शेवटची स्लाइड, इतकं नक्की बघा. घाई असली तरी पाच मिनिटांत होतं. तिथल्या माणसाला हॉलमधला क्लिकर कसा आहे ते विचारा, मिळाला तर हातात घेऊन एकदा मागं-पुढं करा. पडदा एलईडीचा असेल तर लेझर पॉइंटरचा ठिपका त्यावर जवळपास दिसत नाही. मग बाण आणि गोल स्लाइडवरच काढून ठेवलेले बरे.

आणि एकदा फाइल दिल्यावर रात्री हॉटेलवर बसून तिच्यात बदल करू नका. केलातच, तर सकाळी सत्राच्या निदान दोन तास आधी परत या, जुनी फाइल आमच्यासमोर काढून टाकायला लावा आणि नवी तशीच पूर्ण चालवून घ्या. फाइल घेऊन थेट हॉलमधल्या ऑपरेटरकडे जाऊ नका. तिथं ती तपासायला त्याच्याकडे वेळ नसतो, आणि दोन प्रतींपैकी कुठली उघडायची हे तुम्ही व्यासपीठावर चढत असताना त्याला कुणी सांगणार नसतं.